अधिकाराचा मान आणि जबाबदारीचे मोल

(रेणापूर येथे समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात आम्ही पोलीस खात्यातील वेतनाच्या प्रश्नावर बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आहे. रेणुकामातेच्या या गावी जमलेल्या सभेत पगाराचे आकडे मांडणे कित्येकांना रूक्ष वाटेल. परंतु आपल्या लातूर जिल्ह्यात आज अशी वस्ती विरळा, की जेथील एखादा मुलगा किंवा मुलगी पहाटे उठून मैदानावर धावण्याचा सराव करीत नाही आणि दिवसभर अभ्यासिकेत बसून भरतीची पुस्तके वाचीत नाही. त्यांपैकी कोणी शिपाई होईल, कोणी फौजदार होईल. एकाच घरातील थोरला भाऊ शिपाई आणि धाकटा त्याच खात्यात अधिकारी, अशीही उदाहरणे घडतात. तेव्हा वरच्याला किती मिळावे, खालच्याला किती मिळावे, आणि या दोहोंत अंतर कोणत्या मापाने ठेवावे, हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप असे. पंचवीस वर्षांचा तरुण लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन, नाशिकच्या अकादमीतून शिक्षण घेऊन, पोलीस उपनिरीक्षक म्हणून ठाण्यात रुजू होतो. त्याच्या हाताखाली पन्नाशीला आलेला हवालदार असतो. हवालदाराने गावोगावच्या यात्रा, निवडणुका, दंगे आणि पंचनामे पाहिलेले असतात. महिनाअखेर दोघांची पगारपत्रके शेजारी ठेवली, तर हवालदाराचे मूळ वेतन साहेबाच्या वेतनाहून अधिक निघण्याचा पुष्कळ संभव आहे. हे योग्य की अयोग्य? साहेबाचा मान यात कमी होतो काय? आणि तोच हवालदार उद्या बढती मिळून स्वतः उपनिरीक्षक झाला, तर नव्या जबाबदारीबद्दल त्याच्या पदरात काय पडते? या तीन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत, आणि ती वेगवेगळी का आहेत हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

देखरेख करणाऱ्याचे वेतन कसे ठरवावे, हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पायदळाची रचना नमूद आहे. काही पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती चढण होती. जुमलेदारास सालीना १०० होन आणि हजारीस ५०० होन तैनात असल्याची नोंद तेथे आहे. या दोन आकड्यांत एक हिशेब दडलेला आहे. दहा जुमल्यांचा भार वाहणाऱ्यास एका जुमल्याच्या दहापट दिलेले नाही, पाचपट दिले आहे. पण जबाबदारी वाढली तसे वेतन वाढले पाहिजे, हे तत्त्व निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. नाईक आणि हवालदार ही नावे त्या फौजेतून उतरत आपल्या पोलीस खात्यापर्यंत पोचली. पैकी ‘पोलीस नाईक’ हे पद महाराष्ट्र शासनाने २०२२ साली काढून टाकले, ते शिपायास हवालदारपदापर्यंत लवकर पोचता यावे म्हणून. हवालदार मात्र अद्याप आपल्या जागी आहे.

आपल्या मराठवाड्याची कथा निराळी. निजामाच्या राज्यात गावच्या बंदोबस्ताचा भार पोलीस पाटलावर, वसुलीचा माली पाटलावर आणि दप्तराचा पटवाऱ्यावर असे. ही सारी वतने होती. वतनदाराला हक्क आणि मान मिळे. रात्री प्रत्यक्ष गस्त घालणाऱ्या, वर्दी पोचविणाऱ्या आणि सरकारी माणसाचे ओझे वाहणाऱ्या गावकामगाराला मात्र बलुत्याचे चार दाणे मिळत. तिकडे मुंबई इलाख्यात महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक आणले, ते याच अन्यायावर बोट ठेवून: काम चोवीस तासांचे, आणि मोबदला कोणाच्या तरी मर्जीवर. पुढे वतने गेली. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा शासनाने नेमलेला सेवक झाला. परंतु वतनाचे संस्कार मनातून जावयास कायद्याहून अधिक काळ लागतो. ‘वरच्याला मान, खालच्याला काम’ ही जुनी समजूत आजही आपल्या बोलण्यात डोकावते, आणि वेतनाचा विचार करताना तीच आपली दृष्टी गढूळ करते.

इंग्रजी अमलात सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ साली पोलीस आयोग बसला. शिपायाचा पगार दरमहा निदान ८ रुपये असावा, आणि तपासाच्या कामासाठी शिकलेल्या तरुणांची थेट फौजदार म्हणून भरती व्हावी, असे त्याने सुचविले. खात्यात दोन दारे पडली ती येथे. एका दारातून शिपाई आत येतो आणि दुसऱ्यातून अधिकारी. स्वातंत्र्यानंतर धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ साली आपला पहिला अहवाल दिला आणि त्यात शिपायांच्या स्थितीलाच अग्रस्थान दिले. शिपायास अकुशल मजूर न लेखता कुशल कामगाराच्या बरोबरीने वेतन द्यावे, असा त्याचा आग्रह होता. कारण रस्त्यावर उभा असलेला शिपाई पदोपदी स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेत असतो. आम्हांस हा विचार मोलाचा वाटतो. देखरेख करणाऱ्याच्या वेतनाची चर्चा, ज्याच्यावर देखरेख करावयाची त्याच्या वेतनापासून सुरू झाली पाहिजे. पाया खचलेला असताना माडीच्या उंचीचा वाद घालणे व्यर्थ होय.

आता वर्तमानाकडे वळू. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी २०१९ च्या नियमांन्वये, १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तीत पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते आणि उपनिरीक्षकाचे ३८,६०० रुपयांपासून. म्हणजे आरंभीचे अंतर १६,९०० रुपयांचे, सुमारे पावणेदोन पटीचे. वर्षाला साधारण तीन टक्के वेतनवाढ धरली, तर शिपायाच्या त्याच श्रेणीत एकोणीस वेतनवाढींनंतर मूळ वेतन ३८,३०० होते आणि विसाव्या वेतनवाढीनंतर ३९,४००. याचा अर्थ असा, की एकही बढती न मिळालेला शिपाईसुद्धा वीस वर्षांच्या सेवेनंतर नव्याने रुजू झालेल्या उपनिरीक्षकाला मूळ वेतनात मागे टाकतो. त्यातच सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आहे. तिच्या योगाने दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर बढती नसली तरी वरच्या श्रेणीचा लाभ मिळतो. त्यामुळे ही गाठ वीस वर्षांच्याही आधी पडते.

कित्येक तरुण अधिकाऱ्यांस आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईबापांस हे खटकते. ‘मुलगा साहेब झाला, आणि हवालदार त्याच्याहून जास्त पगार घेतो!’ असे उद्गार आम्ही ऐकले आहेत. आमचे उत्तर असे, की यात खटकण्याजोगे काही नाही. हवालदाराला जे अधिक मिळते ते त्याने वीस वर्षे उन्हातान्हात घालविल्याचे मिळते. साहेबाचीही वीस वर्षे होतील, तेव्हा त्याचे वेतन हवालदाराला कधी गाठता येणार नाही इतके पुढे गेलेले असेल. पगारपत्रकावरील आकडा एकच दिसला तरी त्याच्या आत दोन खाती असतात. एक सेवेचे खाते: किती वर्षे काम केले, किती अनुभव जोडला. दुसरे जबाबदारीचे खाते: आज किती जणांच्या कामाचा आणि चुकीचा भार आपल्या शिरावर आहे. पहिल्या खात्यात वडीलधारा हवालदार तरुण साहेबाच्या पुढे असावा, हे न्यायाचे आहे. घरातील कर्ता मुलगा शिकून मोठा झाला म्हणून चुलत्याचा मान कमी होत नाही, तद्वत् हे.

खरा अन्याय दुसऱ्या खात्यात होतो, आणि तो ज्याच्यावर होतो त्याच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. शिपाई म्हणून भरती होऊन, पंचवीस-तीस वर्षे सेवा करून जो उपनिरीक्षक होतो, त्याच्याविषयी आम्ही बोलत आहोत. उपनिरीक्षकाच्या जागांपैकी निम्म्या सरळ सेवेने, पंचवीस टक्के मर्यादित विभागीय परीक्षेने आणि पंचवीस टक्के ज्येष्ठतेने भरावयाच्या, अशी वाटणी पुष्कळ वर्षे चालत आली. ज्येष्ठतेने चढणाऱ्याचे मूळ वेतन बढतीच्या वेळी समजा ५०,००० रुपये आहे. नियमाप्रमाणे बढतीबद्दल त्यास एक वेतनवाढ मिळते, म्हणजे सुमारे १,५०० रुपये. आणि आश्वासित प्रगती योजनेत वरच्या श्रेणीचा लाभ त्याने आधीच घेतलेला असेल आणि बढती त्याच श्रेणीतील पदावर आली, तर वेतननिश्चितीचा दुसरा लाभ मिळत नाही. म्हणजे खांद्यावर तारे चढले, हाताखाली माणसे आली, तपासाची कागदपत्रे आली, न्यायालयाचे हेलपाटे आले; आणि मूळ वेतनाचा आकडा होता तेथेच राहिला. बढती नाकारावी, तर पुढील प्रगतीचा लाभही हातचा जातो. घर एका गावी, मुलांची शाळा त्याच गावी, आणि बदली दुसऱ्या तालुक्यात, असा प्रसंग आला म्हणजे ही बढती त्या कुटुंबाला मान वाटावा की शिक्षा, हा प्रश्न घरातील गृहिणीलाच विचारावा.

ही जबाबदारी म्हणजे नेमके काय, हे लातूरकरांना परक्या उदाहरणांवरून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी आटले. मार्च महिन्यात पाणीसाठ्याच्या आणि टाक्यांच्या परिसरात जमावबंदीचे १४४ कलम लागू करावे लागले, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टाकीपाशी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाचे काम कष्टाचे असते, यात शंका नाही. परंतु तहानलेल्या माणसांची गर्दी पुढे सरकू लागली, तर काठी उचलावी की समजूत घालावी, हे क्षणार्धात ठरवावे लागते त्याच्या वरिष्ठाला. निर्णय बरोबर ठरला तर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याची बातमी होत नाही. निर्णय चुकला तर चौकशी त्याची, निलंबन त्याचे, आणि बायकोमुलांनी मान खाली घालावयाची तीही त्याचीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली तेव्हापासून झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. आणि साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपीस जामिनाचा हक्क प्राप्त होतो, हे पूर्वीचे बंधन आहेच. खालच्या अंमलदाराने एक कागद विसरला, तरी जाब तपास अधिकाऱ्याला द्यावा लागतो. दुसऱ्याच्या चुकीचा जाब देणे, हीच देखरेखीची व्याख्या होय. त्या जाबाची किंमत शून्य धरणारी वेतनव्यवस्था सदोष आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

येथे कोणी विचारील, की खात्यातील मंडळी स्वतः का बोलत नाहीत? त्याचे उत्तर १९८२ सालात आहे. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. २२ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने रणधीर सिंग खटल्याचा निकाल दिला. रणधीर सिंग हे दिल्ली पोलीस दलात वाहनचालक शिपाई होते. तेच वाहन चालविण्याचे काम करणाऱ्या, परंतु रेल्वे सुरक्षा दलात असणाऱ्या चालकांना अधिक वेतन का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ चा आधार घेऊन समान कामास समान वेतन हे तत्त्व घटनेचे उद्दिष्ट ठरविले आणि त्या शिपायास न्याय दिला. दुसरी गोष्ट, १६ ऑगस्ट रोजी उस्मानाबादेतून वेगळा होऊन आपला लातूर जिल्हा अस्तित्वात आला. आणि तिसरी, त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ ऑगस्टला, मुंबईत पोलीस शिपायांच्या असंतोषाचा उद्रेक झाला. त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली होती. रस्त्यावर दंगल उसळली आणि ती आवरण्यास सैन्य बोलवावे लागले.

या घटनांतून दोन धडे निघतात. गणवेश घातलेल्याने रस्त्यावर उतरून आपले गाऱ्हाणे मांडणे समाजाला परवडणारे नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्यानेही पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने घातली आहेत आणि त्यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याचे तोंड कायद्याने बंद केले, त्याच्यासाठी बोलण्याचे कर्तव्य तोंड उघडे असणाऱ्या नागरिकांवर येते. आणि एक शिपाई नेमका प्रश्न घेऊन न्यायालयात गेला तर देशाच्या कायद्याला वळण लागते, हे रणधीर सिंग यांनी दाखवून दिले आहे. दंगलीने जे झाले नाही ते एका नीट लिहिलेल्या अर्जाने झाले.

मग मागावे काय? साहेबाचा पगार कोणत्याही परिस्थितीत हाताखालच्यापेक्षा अधिकच हवा, अशी मागणी आम्ही करणार नाही. तिने सेवेच्या खात्यावर घाला येईल आणि जुन्या वतनी वृत्तीला नवे वस्त्र मिळेल. आमच्या मते मागणी तीन कलमांची असावी. पहिले, शिपायाचे वेतन इतके असावे, की त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये आणि त्याच्या मुलांचे शिक्षण सावकारावर अवलंबून राहू नये. दुसरे, देखरेखीच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र जबाबदारी-वेतन जोडलेले असावे. ते पदासोबत यावे आणि पदासोबत जावे. सेवेच्या वर्षांशी त्याचा संबंध नसावा. म्हणजे तरुण साहेबाला ते मिळेल, पन्नाशीच्या बढतीप्राप्त अधिकाऱ्यालाही तेवढेच मिळेल, आणि हवालदाराच्या अनुभवाच्या वेतनाला धक्का लागणार नाही. तिसरे, प्रगती योजनेचा लाभ आधी मिळाला असला तरी प्रत्यक्ष बढतीच्या दिवशी निदान एक वेतनवाढ नक्की मिळावी. बढतीचे पेढे वाटावेत आणि पगार तोच राहावा, ही विसंगती एका शासन निर्णयाने दूर होण्यासारखी आहे.

यावर एक आक्षेप येतो. जबाबदारीला पैसे जोडले, तर प्रत्येकजण पदामागे धावेल आणि कामात मन राहणार नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. आपल्या तालुक्यातील ऊसतोडीचे उदाहरण घ्या. निवाड्याच्या रेणा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की टोळ्या येतात. टोळीचा मुकादम टोळीच्या मजुरीवर टक्केवारीने कमिशन घेतो. टोळीची मजुरी वाढली तर त्याचेही वाढते. यात एक गुण आहे, कारण वरच्याचे हित खालच्याच्या हिताशी बांधलेले राहते. परंतु त्याच मुकादमाच्या हाती उचलीची दोरी असते, आणि त्या दोरीने मजूर वर्षानुवर्षे बांधला जातो, हा त्यातील दोष. पोलीस खात्यात मुकादमीतील दोष नको आहे. गुण मात्र घेण्यासारखा आहे. शिपायाचे वेतन वाढेल त्या प्रमाणात देखरेखीचे वेतन वाढावे, अशी गाठ नियमातच मारली, तर अधिकारी आपल्या हाताखालच्यांच्या वेतनासाठी आपण होऊन बोलतील. आज दोन वर्ग वेगवेगळ्या वाटांनी आपली गाऱ्हाणी नेतात, आणि दोघांचीही कागदांच्या ढिगात पडून राहतात.

गावपातळीवर हाच प्रश्न पोलीस पाटलाच्या रूपाने उभा आहे. त्याला वेतन नाही, मानधन आहे. निवृत्तिवेतन नाही, वार्षिक वाढ नाही. २०२४ साली शासनाने ते मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये केले, ही समाधानाची गोष्ट होय. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला ५०० रुपये होतात. त्याच वर्षी गृहरक्षक दलाच्या जवानाचा कर्तव्य भत्ता दिवसाला ५७० वरून १,०८३ रुपये झाला. जवानाला काम मिळते ते मोजके दिवस, म्हणून वर्षाच्या मिळकतीत त्याचे पारडे पाटलाहून जड होईलच असे नाही. आणि जवान काही पाटलाच्या हाताखालचा नव्हे. परंतु यात्रेच्या दिवशी गावात दोघे शेजारी उभे असतात. भांडण पेटले तर ‘आधी वर्दी का दिली नाही’ हा सवाल मात्र पाटलालाच होतो. त्या दिवसापुरते तरी जबाबदारीचे माप आणि मोबदल्याचे माप उलटे पडलेले आहे, हे नजरेआड करता येणार नाही.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. शासनाने काय करावे हे सांगणे सोपे. आपण काय करतो हेही पाहिले पाहिजे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत ‘मुलगा पोलिसात आहे’ असे सांगितले, की पुढचा प्रश्न येतो: ‘साहेब आहे, की शिपाई?’ उपनिरीक्षकाच्या स्थळासाठी रांग लागते. वीस वर्षे निष्कलंक सेवा केलेल्या हवालदाराची मुलगी मात्र ‘शिपायाची मुलगी’ म्हणून मागे राहते. ज्या समाजाने हुद्द्यावरून माणसाचे मोल ठरविले, त्याने वेतनातील न्यायाची भाषा कोणत्या तोंडाने करावी? हुंड्याच्या बाजारात हुद्द्याची बोली लागते, आणि ती फेडण्याची हाव पुढे गणवेशाला डाग लावते, हे आपण पाहात आलो आहोत. अधिकाऱ्याच्या हाती जबाबदारी असते, म्हणून त्यास थोडे अधिक मिळावे, एवढेच आमचे म्हणणे. त्या अधिकाने तो माणूस म्हणून अधिक होतो, असे कोणी समजू नये.

काळही अनुकूल आहे. केंद्र सरकारने २०२५ साली आठवा वेतन आयोग नेमला असून त्याच्या अध्यक्षस्थानी न्या. रंजना प्रकाश देसाई यांची निवड झाली. केंद्रामागोमाग राज्यांचा विचार होतो, असा आजवरचा क्रम आहे. मागच्या वेळी राज्यात के. पी. बक्षी समितीने हे काम केले, आणि वेतनातील त्रुटींसाठी २०२४ मध्ये मुकेश खुल्लर समिती नेमली गेली. अशा समित्यांपुढे संघटनांची निवेदने जातात. ज्यांना संघटना नाही, त्यांची निवेदने कोण पाठवणार? आमची या संस्थेस नम्र सूचना आहे, की आपल्या समाजातील निवृत्त पोलीस बांधवांची एक लहान समिती करावी. प्रत्येकाने आपल्या बढतीच्या आधीचे आणि नंतरचे पगारपत्रक काढून ठेवावे. नावे वगळून त्या आकड्यांचे एक कोष्टक करावे, आणि राज्याची पुढील समिती नेमली जाईल त्या वेळी ते निवेदनासोबत सादर करावे. दहा भाषणांपेक्षा असे एक कोष्टक वजनदार ठरेल.

याखेरीज दोन कामे संस्थेच्या हातची आहेत. लातूरजवळ बाभळगाव येथे पोलिसांचे प्रशिक्षण चालते, तेथून बाहेर पडणाऱ्या आपल्या शिपाई मुलामुलींना पुढील विभागीय परीक्षांसाठी पुस्तके आणि मार्गदर्शन मिळेल अशी सोय करावी. खालच्या दाराने आत गेलेल्याला वरच्या माडीचा जिना दिसला पाहिजे. आणि गुणवंतांच्या सत्कारात, उपनिरीक्षक झालेल्या मुलाशेजारी, निष्कलंक सेवा करून निवृत्त झालेल्या हवालदारासही त्याच व्यासपीठावर, त्याच रांगेत बसवावे. शाल एकाच किमतीची असावी. एवढे केले तरी तरुण साहेबांना एक गोष्ट न सांगता कळेल, की ज्यांच्या अनुभवावर आपले ठाणे चालते त्यांचा पगार आपल्यापेक्षा अधिक असला तर त्यात आपला अपमान नाही. आणि आपल्याला जबाबदारीचे जे मिळते ते त्यांच्या जिवाची काळजी वाहण्याबद्दल मिळते.

 कार्यकारी मंडळाने कोष्टकाचे काम मनावर घ्यावे, अशी पुन्हा एकवार विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.